अण्णांची चौकोनी अक्षरं

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला तो कंपनीतच, मशीनसमोर उभे असताना. महाळुंग्याच्या एका कारखान्यात ते कॉम्प्युटरवर चालणारी लेथ मशीन चालवायचे. कंपनी आधी भोसरीत होती. तिथे ते तरुणपणी लागले आणि कंपनी चाकणच्या बाजूला गेली तसे तेही गेले. सकाळी चिंचवडच्या चौकात बस यायची, संध्याकाळी तिथेच सोडायची. त्या दिवशी मात्र कंपनीच्या रुग्णवाहिकेतून त्यांना थेट दवाखान्यात आणलं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते.

जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले, त्यातला पाय पुढे बराच सुधारला. पण बोलणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं की आपलं बोलणं त्यांना बरंचसं कळतं, विचारही जागेवर आहेत, फक्त शब्द सापडत नाहीत. वाचणं आणि लिहिणंही त्याबरोबरच गेलं होतं. तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला, ‘चालू’. भूक लागली तरी चालू, पाठ दुखली तरी चालू, टीव्ही बंद करायचा असला तरी चालू. आवाजावरून आम्ही ओळखायचो.

माझ्या सासूबाई राजगुरुनगरजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांना मी आई म्हणते. त्या म्हणायच्या, “आख्ख्या जन्मात मला एक बरा शब्द बोलला न्हाई ह्यो माणूस, आन् ऱ्हायला त्यो शब्द बी असला!” असं म्हणून हसायच्या आणि मग उगाच भांडी आवरायला आत जायच्या.

अण्णांचं आणि माझं तसं सूत नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलायलाही काही नव्हतं. माझं काम अक्षरं काढायचं. कॉम्प्युटरवर, फोनवर, पुस्तकात जी मराठी अक्षरं दिसतात ती कुणीतरी बसून काढलेली असतात, त्या कुणीतरींपैकी मी एक. लग्न झाल्यावर अण्णांनी मला एकदाच विचारलं होतं, “म्हंजे बाराखडी? ती तर हाय की आधीच.” त्यांना टोमणा मारायचा नव्हता, खरंच शंका होती. मी काहीतरी समजावलं, त्यांनी मान हलवली आणि तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

माझा नवरा चाकणला शिफ्टमध्ये काम करतो. मी घरूनच काम करते. त्यामुळे आजारपणात दिवसभर अण्णा, आई आणि मी असे तिघंच घरात असायचो.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मॅडम घरी यायला लागल्या. मनाने फार चांगल्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी पहिल्या दिवशी पिशवीतून रंगीत कार्डं काढली. क, कमळाचा. ब, बदकाचा. पिवळंधमक बदक, खाली गुबगुबीत अक्षर. मॅडमनी ते कार्ड अण्णांसमोर धरलं आणि हळू, गोड आवाजात म्हणाल्या, “आजोबा, हे काय आहे? ब... ब...”

अण्णांनी बदकाकडे बघितलं. मग मॅडमकडे बघितलं. डाव्या हाताने त्यांनी टेबलावरची सगळी कार्डं एका फटक्यात उडवली. “चालू!” असे ओरडले की खालच्या मजल्यावरचे लोक दारात आले.

“होतं असं,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “त्यांना राग माझा नाही येत.”

मी दिवाणाखाली वाकून कार्डं गोळा करत होते. बदक नेमकं भिंतीपाशी गेलं होतं. ते काढताना मला अण्णांच्या जागी स्वतःला ठेवून बघावंसं वाटलं आणि माझ्याच अंगाची आग झाली. ज्यांच्या हाताखाली कितीतरी ऑपरेटर तयार झाले, त्या माणसापुढे आम्ही बदक ठेवलं होतं. पण दुसरं काय ठेवायचं हेही मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी मॅडमनी बेल वाजवली तेव्हा अण्णा तोंडावर चादर ओढून झोपले. त्याच्या पुढच्या वेळीही.

त्या दिवसांत माझ्याकडे एक वेगळं काम आलं होतं. बाणेरकडच्या काही मुलांनी मिळून मराठीत एक गेम बनवायला घेतला होता. जुन्या व्हिडिओ गेमसारखा दिसणारा. त्यासाठी त्यांना तशीच अक्षरं हवी होती, जाड चौकोनी ठिपके एकमेकांना जोडून केलेली. पिक्सेलची अक्षरं म्हणतात त्याला. इंग्रजीत असली अक्षरं ढिगाने आहेत, कारण इंग्रजी अक्षर थोडक्या ठिपक्यांत मावतं. आपल्या अक्षराला डोक्यावर रेघ लागते, रेघेच्या वर वेलांटी आणि मात्रा, पायाशी उकार. हे सगळं बसवलं की मधे अक्षराच्या अंगासाठी जागा उरते ती अगदी चिमूटभर. एक ठिपका इकडचा तिकडे केला की ‘घ’चा ‘ध’ होतो. मी दिवसच्या दिवस त्यात घालवत होते.

एका सकाळी मी हॉलमधल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते. बारीकसारीक चूक दिसावी म्हणून मी पडदा काळा करून त्यावर हिरवी अक्षरं लावली होती. अण्णा वॉकर धरून बाथरूमकडे निघाले होते. ते माझ्या मागे येऊन थांबले. मला वाटलं दमले असतील. मी खुर्ची पुढे केली तर बसले, पण पाठ टेकली नाही. लॅपटॉपकडे नजर लावून बसले. मग त्यांनी डावं बोट उचललं आणि स्क्रीनवर एका ओळीखालून हळूहळू नेलं, शेवटपर्यंत.

“चालू,” ते म्हणाले. हळू आवाजात. झटक्यानंतर इतक्या सावकाश ते काही बोलले नव्हते.

आई आतून आल्या. “काय बघत्यात?”

“अक्षरं.”

“वाचत्यात व्हय?”

“माहीत नाही, आई. नुसतं बघतायत.”

जेवायची वेळ झाली तरी ते तिथून उठले नाहीत. बाथरूमला जायचंही विसरले असावेत, कारण मग एकदम घाई झाली.

त्याचा उलगडा चाचांनी केला. चाचा म्हणजे अण्णांचे भोसरीपासूनचे दोस्त. कंपनीत मशीनची दुरुस्ती बघायचे. नोकरी सोडून त्यांनी दापोडीला, रेल्वेच्या बाजूच्या गल्लीत, स्वतःचं दुकान टाकलं. जुन्या मशीनचे पॅनेल, मोटारी, कार्डं दुरुस्त करतात. माझा नवरा लहानपणापासून त्यांना चाचा म्हणतो, म्हणून मीही. अण्णांना ते भाऊ म्हणतात. अण्णा आजारी पडल्यापासून दर शुक्रवारी नमाज झाला की ते स्कूटरवरून यायचे, अण्णांशी तासभर एकटेच बोलायचे आणि जायचे. कंपनीतले बाकीचे लोक सुरुवातीला एकदोनदा येऊन गेले होते. बोलू न शकणाऱ्या माणसापुढे किती वेळ बसायचं हे त्यांना कळेना, मग येणं बंद झालं.

त्या शुक्रवारी चाचांनी माझा लॅपटॉप बघितला आणि ते हसायलाच लागले. “अरे, ही तर भाऊची मशीन आहे!”

“म्हणजे?”

“भाऊची पहिली मशीन. तिची स्क्रीन अश्शीच होती, बेटा. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, अशीच ठिपक्या-ठिपक्यांची. भोसरीहून महाळुंग्याला नेली तेव्हा लोक म्हणाले भंगारात काढा. भाऊने काढू दिली नाही. नंतर नवीन मशीन आल्या, पण ती शेवटपर्यंत याच्याच ताब्यात होती.”

“पण ती अक्षरं इंग्रजी असतील ना?”

“सगळं इंग्लिश. आणि आम्हाला कुठे येत होतं इंग्लिश? हा सातवी, मी नववी. शब्दाच्या तोंडावळ्यावरून ओळखायचो मशीन काय म्हणतेय ते. हिला तेल पाहिजे, हिचं दार उघडं राहिलंय, हिचं टूल झिजलंय.” मग अण्णांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “काय भाऊ? बरोबर ना?”

“चालू, चालू!” अण्णा म्हणाले आणि त्यांनी चाचांचा हात धरून ठेवला.

मी मॅडमना फोन केला. मला वाटलं त्यांना हे पोरखेळ वाटेल. पण त्या मनापासून खूश झाल्या. “माझ्याकडे बदकाची कार्डं आहेत म्हणून मी बदक आणते हो,” त्या म्हणाल्या. “त्यांना आपली वाटतील अशी अक्षरं मिळाली तर मला अजून काय पाहिजे?”

मग आम्ही तिघं कामाला लागलो. मशीनवर काय काय सूचना यायच्या ते चाचांनी आठवून सांगितलं. मी त्या मराठीत केल्या आणि माझ्या चौकोनी अक्षरांत बसवल्या. मॅडमनी सांगितलं, वाक्यं लहान ठेवा, एका वेळी एकच दाखवा. आणि चाचा एक दिवस टेम्पोतून चक्क एक पॅनेल घेऊन आले. भंगारात गेलेल्या कुठल्याशा मशीनचं राखाडी लोखंडी खोकं. आतली जुन्या टीव्हीत असते तशी काचेची नळी काढून त्यांनी तिथे साधा स्क्रीन बसवला होता आणि बटणं माझ्या लॅपटॉपला जोडायची सोय केली होती.

“ह्ये भंगार घरात कशापायी?” आई म्हणाल्या.

“भाभी, भंगार नाही, भाऊची शाळा आहे,” चाचा म्हणाले.

ते खोकं टेबलावर ठेवलं. अण्णा समोर बसले. मी वायर लावत होते, अजून काही सुरूही केलं नव्हतं. त्यांनी डावा हात पुढे केला, मशीन तातडीने थांबवायचं लाल गोल बटण मुठीत धरलं आणि उजवीकडे पिळून वर सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. चाचा माझ्याकडे बघून भुवया उडवून हसले. पण लगेच खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

पहिले काही दिवस काही कळत नव्हतं. स्क्रीनवर ‘तयार’ यायचं, ‘थांबा’ यायचं, ‘टूल बदला’ यायचं. अण्णा हिरवं बटण दाबायचे, पुढची सूचना यायची. ते वाचत होते की नुसतंच बटण दाबत होते, देव जाणे. पण मॅडम आल्या की आता ते चादर ओढत नव्हते. सकाळी अंघोळ झाली की स्वच्छ शर्ट घालायला मागायचे, बनियनवर बसत नसत. आई म्हणायच्या, “निघालं कंपनीत.”

एका दुपारी मी आत भाकरीचं पीठ मळत होते. आई दाराशी बसून पालेभाजी निवडत होत्या. आमच्या इमारतीत दारं दिवसा उघडीच असतात. स्क्रीनवर ‘दार उघडं आहे’ आलं. ही सूचना आधीही येऊन गेली होती आणि अण्णांनी बटण दाबून ती घालवली होती. या वेळी त्यांनी बटण दाबलं नाही. आईंनी मला हाक मारली, “ए पोरी, हितं ये बघू.”

मी पिठाच्या हातानेच बाहेर आले. अण्णा स्क्रीनकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून फ्लॅटच्या दाराकडे बघितलं. परत स्क्रीनकडे. परत दाराकडे. मग डाव्या हाताने आईंना खूण केली, लाव, लाव.

“व्हय की,” आई म्हणाल्या, “उघडंच हाय!” त्या मांडीवरची भाजी तशीच सांडत उठल्या, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. अण्णांनी हिरवं बटण दाबलं. पुढची सूचना आली.

मी आईंना मिठी मारली, त्यांचं लुगडं पिठाने माखलं. आणि मग त्यांनीच दार परत उघडलं आणि शेजारणीला ओरडून सांगितलं, “अगं, ह्यास्नी वाचता आलं!”

तिथून पुढे काम भराभर झालं असं नाही. ‘पाणी’ लगेच आलं, ‘चहा’ आला, ‘औषध’ काही केल्या येईना. जोडाक्षरं तर त्यांना नकोच असायची. ‘त्रास’ म्हटलं की तोंड फिरवायचे. काही दिवस असे जायचे की कालचं सगळं पुसून गेलेलं असायचं आणि ते पॅनेलकडे पाठ करून बसायचे. त्या दिवशी कुणी त्यांच्या वाटेला जायचं नाही, असा घरातला नियम झाला.

मग मॅडमनी एकेक अक्षर उचलून शब्द जुळवायचा सराव सुरू केला. स्क्रीनवर अक्षरांच्या रांगा आणि बटणांनी त्यांतून फिरायचं. एके दिवशी अण्णांनी स्वतःहून ‘म’ निवडला. मग बऱ्याच वेळाने ‘हा’. आणि मग थांबले. रांगेतून पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. त्यांना पुढचं अक्षर हवं होतं आणि ते मिळत नव्हतं.

“महाग?” मी विचारलं. “महादेव? देवळात जायचंय?”

“चालू!” त्यांनी टेबलावर हात आपटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘म’, ‘हा’ आणि मग शोधाशोध, मग राग. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शुक्रवारी चाचा आले. त्यांनी ‘महा’ बघितलं आणि क्षणभरही विचार केला नाही. “महाळुंगे. आणखी काय असणार?”

अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि जोरजोरात मान हलवली.

मी रांगेतला ‘ळ’ बघितला. दोन गोल शेजारी शेजारी, चिमूटभर जागेत दाबून बसवलेले. माझ्या डोळ्यांना तो ‘ळ’ होता, कारण तो मीच काढला होता. अण्णांना तिथे नुसता हिरवा डाग दिसत असणार. त्याच दुपारी मी तो पुसून नवा काढला. सगळी अक्षरं साधारण सारख्या रुंदीची ठेवायचं ठरवलं होतं, ते सोडून दिलं. दोन्ही गोलांच्या पोटात मोकळी जागा ठेवली. ‘ळ’ इतर अक्षरांपेक्षा ऐसपैस झाला. अण्णांसमोर ठेवला तर त्यांनी लगेच उचलला.

महाळुंग्याला जायचं ठरलं ते एका शनिवारी, पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला. चाचांनी ओळखीच्या माणसाची व्हॅन आणली. आईंनी अण्णांना इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्वतःही येते म्हणाल्या. इतकी वर्षं नवऱ्याची कंपनी त्यांनी पाहिलेली नव्हती. तळेगाव-चाकण रस्त्याला ट्रकांची रांग लागली होती. अण्णा खिडकीतून बघत होते, कुठे वळायचं ते आधीच बोटाने दाखवत होते.

आम्हाला वाटलं होतं त्यांना मशीन बघायची असेल. चाचांनी गेटवर ओळखीच्या सुरक्षारक्षकाशी बोलून आत जायची परवानगीही काढली. पण अण्णा गेटकडे वळलेच नाहीत. वॉकर धरून सरळ रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे निघाले. टपरीसमोर लाकडी बाकडं होतं. त्याच्या एका टोकाला ते जाऊन बसले.

टपरीवाला बघतच राहिला. “अण्णा? आयला, अण्णा!”

मग भोंगा झाला. माणसं बाहेर यायला लागली, डबे हातात, ओळखपत्रं गळ्यात. पहिल्या दोघांनी त्यांना ओळखलं नाही. तिसरा थबकला. “राव, हे तर आपले अण्णा!” बघता बघता बाकड्याभोवती गर्दी झाली. सगळे मोठमोठ्याने बोलत होते, जणू अण्णांना ऐकू येत नाही. “जेवता ना व्यवस्थित?” “पाय कसाय?” “तुमची मशीन आता त्या लातूरच्या पोराकडे दिलीय, रोज शिव्या खातोय!” कुणी नांदेडकडच्या बोलीत, कुणी हिंदीत. अण्णा एकेकाकडे बघून म्हणत होते, “चालू, चालू.” एक मिशीवाला दांडगा माणूस त्यांच्या पायाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “अण्णा, आम्हाला वाटलं तुम्ही आम्हाला ओळखणार पण नाही. म्हणून आलो नाही घरी.” अण्णांनी त्याच्या टाळूवर एक हलकी टपली मारली. सगळे हसले. तोही हसला, पण रडत रडत.

चहा टपरीवाल्याने पाजला. आई लांब उभ्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन. “बघ की गं,” त्या मला म्हणाल्या, “घरात तर ह्यो माणूस कोपऱ्यात पेपर घिऊन बसायचा. हितं बघ, कसा सरपंचावानी बसलाय.” मीही तेच बघत होते. एवढी वर्षं एका घरात राहून हा माणूस मला भेटलाच नव्हता.

त्यानंतर रविवारी कुणी ना कुणी घरी यायला लागलं. पॅनेल बघायला यायचे खरं तर. मग बसायचे.

गेम पुढे पूर्ण झाला. त्या मुलांना अक्षरं आवडली. फक्त एकाने मला विचारलं, “मॅडम, तो ‘ळ’ जरा जास्तच रुंद नाही झाला का?” मी म्हटलं, राहू द्या. राहिला. अण्णांना मी तो गेम फोनवर दाखवला. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि फोन परत दिला. त्यात त्यांना काही रस वाटला नाही.

आता त्यांचे बरेच शब्द परत आले आहेत. बोलण्यात मोजकेच, वाचण्यात पुष्कळ. पेपरमधलं लहान अक्षर अजून जमत नाही. घरातले निरोप मात्र पॅनेलवरच असतात. नवरा शिफ्टला जाताना ‘रात्री उशीर होईल’ असं लावून जातो.

मागच्या आठवड्यात आई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “माझं बी एक लिव्ह त्यात.”

“काय लिहू?”

त्या बराच वेळ विचार करत बसल्या. मला वाटलं आता काहीतरी मनातलं सांगणार. मग म्हणाल्या, “लिव्ह, आमटीत मीठ जास्त झालंय. गुमान खा.”

मी लिहिलं. ‘जास्त’मध्ये जोडाक्षर होतं, तिथे अण्णा अडखळले, परत मागे गेले. ‘गुमान’पाशी आले आणि त्यांनी मान वर करून आईंकडे बघितलं. आई ताट वाढत होत्या, मुद्दाम इकडे बघत नव्हत्या. अण्णा हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग ठसका लागेपर्यंत. आईंनी पाण्याचं भांडं पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, “हसू नगा, जेवा.”

आमटी खरंच खारट होती. अण्णांनी दोनदा मागून घेतली.